पारबता मोठी माय आणि पत्र्याचे झाकण

धान लोंबीवर आले की पारबता मोठी माय सकाळपासून शेतात उभी राहून राघूंना शिव्या द्यायची. त्या शिव्या आमच्या ओसरीपर्यंत स्पष्ट ऐकू यायच्या. "अरे मुडद्यांनो, चिखलात वाकून रोवणी तुमच्या मायनं केली का? या, अजून या! सोयरे आहात ना माहे!" एवढे बोलून झाले की ती हातातले पत्र्याचे झाकण फेकायची. तुपाच्या मोठ्या डब्याचे गोल झाकण होते ते. त्याची धार तिने दगडाने ठोकून आत वळवली होती आणि कडेने लुगड्याची चिंधी शिवली होती. झाकण उन्हात चमकत, भणभणत पिकावरून तिरपे जायचे, राघूंचा थवा किंचाळत उठायचा आणि झाकण पलीकडे पोचण्याआधी तिचा कुत्रा भुऱ्या तिथे पोचलेला असायचा. तो उडी मारून ते हवेतच तोंडात धरायचा आणि परत आणून तिच्या पायाशी ठेवायचा.

आमच्याकडे धानाच्या एका तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या चारी बाजूंच्या मातीच्या बांधाला धुरा. भुऱ्या नेहमी धुऱ्यावरून पळायचा. समोरचा धुरा वीस पावलांवर असला तरी तो मधून जायचा नाही, पूर्ण वळसा घालून जायचा. पिल्लू असताना मोठी मायने त्याला दोरीने आपल्या कमरेला बांधून दोन हंगाम धुऱ्याधुऱ्याने फिरवले होते. पाय हिरव्यात गेला की मानगूट धरून उचलायची आणि पुन्हा धुऱ्यावर ठेवायची. मारायची नाही. माणसांना मात्र ती सहज मारायची.

मी एकदा विचारले होते, "मोठी माय, सगळे गोफण घेतात. तू काहून नाही घेत?"

"गोफणीचा गोटा धानात पडते," ती म्हणाली. "लोंब मोडते ते येगळंच, अन् कापणीले तोच गोटा विळ्याले लागते. झाकण पाखरांले झडप घालणाऱ्या शिकऱ्यासारखं दिसते. अन् भुऱ्या त्याले खाली पडूच देत नाई. समजलं का, कालेजवाली?"

मला ती कालेजवालीच म्हणायची. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, करडीच्या पुढे, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचे दार पाहिलेले नव्हते. मोठी माय नात्याने आमची कुणी नव्हती. घर शेजारी, वयाने बाबांपेक्षा मोठी, म्हणून मोठी माय. नवरा लवकर गेला, मूल नाही, चार बांध्या तेवढ्या होत्या. बारावी झाल्यावर बाबा माझे शिक्षण थांबवायला निघाले, तेव्हा ती हातातला विळा न ठेवताच आमच्या अंगणात आली.

"काहून गा, पोरीले घरी बसवून काय लोणचं घालतं तिचं?" ती बाबांना म्हणाली. "तलाठी बोलते, आपण खाली पाहतो. कंडक्टर बोलते, आपण खाली पाहतो. आपल्यातलं एक तरी बोलणारं नको का?"

बाबा खाली पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या बसमध्ये माझ्या शेजारी तीच बसली होती. कंडक्टरने आमच्या फाट्यावर गाडी उभी करायचे टाळले, म्हणून ती डोक्यावरची टोपली घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली होती. "चालव आंगावरून. पण टोपलीत अंडे आहेत, त्याहीचे पैसे देजो," असे ती ड्रायव्हरला म्हणाली. टोपलीत अंडी नव्हती. माझे कपडे होते.

अशा माणसाविषयी लिहिताना लेखणी प्रेमाने चालायला हवी, आणि प्रेम आहेच. पण मोठी माय गेल्या चैत्रात गेली आणि मी लिहायला बसले की मला आधी राग येतो. तो कुणाकुणाचा आहे ते मी लपवणार नाही. त्यात माझेही नाव आहे.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मोठी मायच्या शेताला लागून कालवा गेला होता आणि त्याच्या पलीकडे कालव्याच्या कामावरच्या साहेब लोकांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात एका पिसाळलेल्या कुत्र्याने तिथल्या एका मुलाला चावले. मुलगा इंजेक्शनांनी वाचला, पण वसाहतीने फलक लावला. कालव्याच्या रस्त्यावर गळ्यात बिल्ला नसलेले कुत्रे दिसले तर गोळी घालण्यात येईल. बिल्ला पितळेचा होता आणि तो साहेबांच्या क्लबातून मिळत असे. पण वसाहतीत राहणाऱ्यांनाच. मोठी माय दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा फाटकावरच्या माणसाने परत पाठवले. दुसऱ्यांदा तिने त्या माणसाला त्याच्या सात पिढ्यांसकट परत पाठवले, पण बिल्ला मिळाला नाही.

भुऱ्याला बांधून ठेव, असे गावातले लोक म्हणत. "अन् राखण कोण करन, तुमचा बाप?" ती म्हणे. ते खरेही होते. भुऱ्या बांधला की चार बांध्या राघूंच्या. आणि शेतातून घरी यायचा रस्ता कालव्याचाच होता.

दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा किराणा दुकानाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला पाहिला. क्लबात रविवारी मेळा. त्यात कुत्र्यांची स्पर्धा. कुणा साहेबाच्या मुलाने मुंबईहून प्लास्टिकची लाल फिरकती तबकडी आणली होती, तिला फ्रिसबी म्हणतात. मालकाने फेकायची, कुत्र्याने हवेत झेलायची. पाच फेकी. तीन झेलल्या तर कुत्र्याला क्लबाचा बिल्ला. आणि खाली लिहिले होते, स्पर्धा सर्वांसाठी खुली.

मी धावतच शेतात गेले. मोठी मायला कागदातला मजकूर सांगितला.

तिने भुऱ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. "झाकण झेलाचं? बस एवढंच?"

"एवढंच. आखलेल्या जागेत झेलायचं."

"अन् त्याच्याबदल्यात जीव राहते त्याचा?"

"बिल्ला मिळते."

"तेच म्हटलं मी," ती म्हणाली.

इथे आमची चूक झाली. आमची म्हणजे माझी. मैदानात आखलेली जागा म्हटल्यावर आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर शाळेचे मुरमाचे मैदान आले, फक्कीच्या रेघा मारलेले. माणसे गवतालाही पाणी देऊन वाढवतात, कातरतात आणि त्यावर खेळतात, हे आम्हाला सुचण्यासारखेच नव्हते. मला तरी सुचायला हवे होते.

रविवारी दुपारी मोठी माय धुतलेले लुगडे नेसून आली. भुऱ्यालाही तिने तलावात धुतले होते. क्लबाच्या दारात टेबल होते. कारकुनाने विचारले, "कुत्र्याची जात?"

"त्याले जात नाई," मोठी माय म्हणाली. "ते माणसात राहते, पण जात नाई शिकलं अजून."

कारकुनाने 'गावठी' लिहिले. आम्ही आत गेलो आणि मी हिरवळ पाहिली. क्लबाच्या पुढे सगळीकडे गवत, ऐन भादव्यातल्या धानासारखे हिरवेगार, भोवती मुरमाची वाट. गवताच्या मधोमध चुन्याचा चौकोन आखला होता. मालकाने वाटेवर उभे राहून तबकडी फेकायची, कुत्र्याने चौकोनात झेलायची. आमची चूक मला तेव्हाच कळली. तरीही मी मोठी मायच्या मागे चालत राहिले.

आधी एक अल्सेशियन आले, मग पांढरे केसाळ दोन. एकाने दोन झेलल्या, एकाने एक. तिसरे तबकडी घेऊन पाहणाऱ्यांसाठी घातलेल्या मांडवात गेले आणि बसून चावू लागले. सगळे कौतुकाने हसले. मग मोठी मायचे नाव पुकारले. तिने लाल तबकडी हातात घेऊन वजन पाहिले, "हलकी आहे लेकाची," असे पुटपुटली आणि फेकली.

इतकी सुंदर फेक तिथे कुणाची झाली नव्हती. तबकडी गवतावरून सरळ तरंगत गेली. भुऱ्याने गवताकडे पाहिले, मान वळवली आणि मुरमाच्या वाटेने सुटला. पूर्ण हिरवळीला वळसा घालून तो पलीकडे पोचला, उंच उडाला आणि तबकडी दातांत धरून वाटेनेच परत आला. आधी एकजण हसला, मग सगळेच. दुसरी फेक. पुन्हा वळसा, पुन्हा उडी. पाच फेकी झाल्या. पाचही त्याने झेलल्या. पाचही चौकोनाबाहेर.

शिट्टी घेतलेल्या बाईंनी वहीत शून्य लिहिले. मला ते त्यांच्या खांद्यावरून दिसले.

क्लबाचे सेक्रेटरी साहेब खुर्चीतून उठून आले. हसतच होते. वाईट माणूस वाटत नव्हते, हे मला आजही लिहावे लागते. "अहो बाई, तुमचा कुत्रा गवताला घाबरतो की काय?"

"घाबरत नाई साहेब. त्याले समजते."

"काय समजतं?"

मोठी मायने मला कोपराने ढोसले. "सांग ना व. तू सांग त्याहीले. तुह्या कालेजच्या भाषेत सांग."

मला सगळे माहीत होते. दोरी, कमर, दोन हंगाम. एक वाक्य पुरे होते. साहेब, हा कुत्रा पिकात पाय टाकत नाही, त्याला हे पीक वाटले. तेवढे वाक्य मला मराठीत येत होते, थोडे इंग्रजीतही जुळवता आले असते. पण साहेब माझ्याकडे पाहू लागले, त्यांच्या मागे चाळीस माणसे पाहू लागली, आणि मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागले. तो उसवला होता आणि मी त्यात सेफ्टी पिन घातली होती. ती पिन कुणाला दिसेल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"बोल ना व," मोठी माय हळू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा हळू आवाज ऐकला.

मी त्या पिनेवर दुसरा पाय ठेवला.

मग तीच बोलली. आमच्या बोलीत, भराभर, हातवारे करत. धुरा, बांधी, लोंब, राघू. तिच्या प्रत्येक 'ले'ला मांडवात खसखस पिकत होती. साहेबांना थोडे कळले असावे. ते म्हणाले, "बरं, बरं. असं करू. तुम्ही आत या, त्याला गवतावर बोलवा. एकदा चौकोनात येऊन त्यानं झेलली की मी बिल्ला देतो. बाकीच्या चार सोडून दिल्या. झालं?"

ती आत गेली असती आणि हाक मारली असती, तर भुऱ्या आला असता, असे मी तेव्हा धरून चालले. तिच्यामागे तो आगीतही गेला असता. मला वाटले, सुटलो.

मोठी माय गवताच्या कडेला उभी राहिली. तिने भुऱ्याकडे पाहिले, तो तिच्याकडे पाहत होता, पुढचे दोन्ही पाय बरोबर मुरमाच्या काठावर.

"नाई," ती म्हणाली.

"अहो, एकदाच."

"एकदाच कसं साहेब? एकडाव म्या त्याले हिरव्यात बोलावलं, का मंग उद्या त्याले काय सांगू? हे साहेबाचं हिरवं अन् हे माहं? पंधरा दिसांवर कापणी आहे माही." मग ती सगळ्या मांडवाकडे वळली. "पाचच्या पाच झेलल्या त्यानं. तुमच्यातल्या कोण्या कुत्र्यानं झेलल्या? हसता कायले?"

माईकवर पुढचे नाव पुकारले गेले.

घरी येताना ती कालव्यापर्यंत भुऱ्याला घेऊन माझ्या पुढे चालत होती. मग थांबली. "कालेजात जाताना तोंड घरी ठेवून जातेस का व?" मी रडू लागले. तिने माझे डोळे पुसले नाहीत. "रडू नको. राघू रडून उडत नाईत," एवढे म्हणून ती पुढे चालू लागली.

तिच्या रागाची मला सवय होती. तो यायचा, फुटायचा आणि संध्याकाळी ती वाटीभर कालवण घेऊन आमच्या दारात यायची. या वेळी ती आली नाही.

बारा दिवस गेले. दिवाळीची सुट्टी लागली होती. मला तिच्यासमोर जायची लाज वाटत होती, पण आईने हातात भाकर देऊन मला शेतात पाठवले. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. धान पिवळे पडले होते. मोठी माय पहिल्या धुऱ्यावर, भुऱ्या पलीकडच्या, कालव्याकडच्या धुऱ्यावर. मी भाकर ठेवते न ठेवते तोच कालव्याच्या रस्त्याने गावातली दोन मोकाट कुत्री जीव घेऊन पळत आली. मागून वसाहतीने लावलेले दोन बंदूकवाले.

त्या दोन कुत्र्यांनी सरळ आमच्या धानात उडी मारली. कमरेएवढे पीक. क्षणात दिसेनाशी झाली. भुऱ्या तसाच धुऱ्यावर उभा राहिला.

"घूस!" मोठी माय ओरडली. "भुऱ्या, घूस अंदर! धानात घूस!"

तो तिच्याकडे पाहू लागला. ही आज्ञा त्याने कधी ऐकलीच नव्हती. मग मोठी मायने ते केले जे मी कधी पाहिले नव्हते. ती स्वतः धानात उतरली. पिकलेल्या लोंब्या पायाखाली तुडवत, दोन्ही हातांनी धान आडवे करत ती मधून पळू लागली. "ये! ये माह्या राजा! इकडून ये! अंदर ये!"

तो आला. ती बोलावते आहे म्हणून तो आला. पण धुऱ्यावरून आला. पूर्ण वळसा घालून, उघड्यावरून, जसा तिने शिकवला तसा. दुसऱ्या कोपऱ्यावर वळताना त्याला गोळी लागली.

बंदूकवाला जवळ येऊन म्हणाला, "बिल्ला नव्हता बाई. आम्हाला हुकूम आहे." दुसरा धानात पाहून म्हणाला, "ती दोन गेली वाटतं." दोघे निघून गेले.

मोठी माय रडली नाही, ओरडलीही नाही. तिने धान कापायच्या दिवसांत वापरतो तो बांबूचा मोठा डाला आणला, त्यात भुऱ्याला ठेवले, पदर फाडून वर घातला आणि डाला डोक्यावर घेतला. मी विचारले नाही कुठे. मागे चालू लागले. फाटकावरच्या माणसाने तिचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाला.

क्लबाच्या व्हरांड्यात सेक्रेटरी साहेब आणि दोघे-तिघे चहा घेत होते. मध्ये ती हिरवळ. मोठी माय गवताच्या काठाशी आली आणि वळली. डोक्यावर मेलेला कुत्रा, अंगावर त्याचे रक्त, एवढा राग, आणि तरी ती मुरमाच्या वाटेने वळसा घालून चालू लागली. ते पाहून माझ्या डोक्यात काय झाले मला सांगता येत नाही. मी सरळ गवतावरून गेले. चिखलाच्या पायांनी, चौकोनाची रेघ अजून पुसट दिसत होती तिच्यावरून, आणि मोठी मायच्या आधी व्हरांड्यात पोचले.

"साहेब, तो कुत्रा गवताला घाबरत नव्हता," मी म्हणाले.

"कोण तुम्ही?"

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. उत्तर मला माहीत होतं. द्यायचं राहिलं."

मग मी सांगितले. दोरी, कमर, दोन हंगाम. आजची सकाळ. तो धानात शिरला असता तर वाचला असता, तो शिरला नाही, कारण तो तुमच्या फलकापेक्षा चांगला नियम पाळत होता. माझा आवाज फाटत होता, अर्धी वाक्ये आमच्या बोलीत येत होती, पण कुणी हसले नाही. तोवर मोठी माय वळसा घालून आली आणि तिने डाला टेबलाशेजारी उतरवला.

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. मग आत गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. पितळी बिल्ला. त्यांनी तो टेबलावर ठेवला. "हा... ठेवा तुम्ही. मला वाईट वाटतं बाई." त्यांना दुसरे काय करावे सुचले नसेल. पण मेलेल्या कुत्र्याला बिल्ला देणारा माणूस पाहून मला आजही तितकाच संताप येतो.

मोठी मायने बिल्ला उचलला. उलटा-सुलटा पाहिला. मग मनगट वळवून, झाकण फेकायची तसा तो फेकला. उन्हात चमकत तो गेला आणि हिरवळीच्या मधोमध पडला. आम्ही सगळे तिकडे पाहत राहिलो. आणायला कुणी धावले नाही.

भुऱ्याला आम्ही पलीकडच्या धुऱ्याच्या कोपऱ्यावर पुरले. माती लोटून झाल्यावर ती म्हणाली, "बोलली आज."

मी मान हलवली.

"बारा दिस उशिरा बोलली," ती म्हणाली. रागाने नाही. राघूंची संख्या सांगावी तसे.

एवढ्यात थवा उतरलाच. तुडवलेल्या जागेत लोंब्या आडव्या पडल्या होत्या, त्यांना ते सोपे झाले होते. मोठी मायने झाकण उचलले आणि माझ्याकडे पाहिले. मी धुऱ्याधुऱ्याने चालत वळसा घालून पलीकडे गेले आणि भुऱ्या उभा राहायचा तिथे उभी राहिले.

"मुडद्यांनो!" ती ओरडली. झाकण भणभणत आले. राघू उठले. मी दोन्ही हात वर केले, पण झाकण बोटांना लागून निसटले आणि धानात पडले. मी वाकून आत पाय टाकणार, तोच तिचा आवाज आला.

"राहू दे. उतरू नको. कापणीले सापडन."